सुमात्राचा डाग

माझ्या पांढऱ्या शर्टावर, खिशाच्या बरोबर वर, कॉफीचा एक थेंब वाळलाय. तो माझ्या चमच्यातला नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

ताज्या भाजलेल्या कॉफीची चव ओळखायला बोलावणं होतं. कपिंग म्हणतात त्याला. भरड दळलेल्या कॉफीवर ९३ अंशांच्या आसपासचं पाणी ओतायचं, ४ मिनिटं गप्प बसायचं, मग वर आलेला जाड थर नाक कपात घालून चमच्याने मोडायचा. त्यानंतर भुरके. तेही मोठ्याने, म्हणजे कॉफी तोंडभर उडते आणि वास मागच्या वाटेने नाकात चढतो. ज्या आवाजासाठी लहानपणी धपाटे खाल्ले, त्याचं इथे रीतसर शिक्षण होतं.

शेजारी एक गृहस्थ होते. गळ्यात दोरी, दोरीला स्वतःचा चमचा. विहिरीतलं पाणी संपल्यावर पंप जशी हवा ओढतो, तसा त्यांनी पहिला भुरका मारला. डाग तेव्हाचा.

"काय लागतंय?" त्यांनी विचारलं.

"कॉफी."

"अहो, कॉफी सगळ्यांनाच लागते. तिच्या मागे काय लागतंय?"

"मागे... कडू."

त्यांनी डोळे मिटले. "ओली माती. देवदार. जुनं कपाट."

"कपाट चाटून बघितलंय तुम्ही?"

"सुमात्रा," ते म्हणाले. माझ्याशी नव्हे, कपाशी.

आणि निघाली सुमात्राच! इंडोनेशियातल्या त्या बेटावर बी पुरती वाळायच्या आत, ओलसर असतानाच तिचं टरफल काढतात, त्यातून ती जड, मातकट चव येते म्हणे. पुढचा कप केनियाचा. गृहस्थ म्हणाले, "ब्लॅककरंट. आणि शेवटाला टोमॅटो." यजमानांनी कौतुकाने मान डोलावली. आमच्याकडे कॉफीला टोमॅटोचा वास आला, तर पातेलं कोणी घासलं याची चौकशी होते.

तिसरा कप इथियोपियाचा, तिथल्या यिर्गाचेफे भागातला. गरम असताना मला काहीच कळलं नाही. कोमट झाला आणि एकदम जाई आली. खरंच आली, शपथ घेतो. एखाद्या अंधाऱ्या जिन्यात मध्येच वेलाखालून गेल्यासारखी. मी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात गृहस्थ म्हणाले, "जास्मिन. अर्थात." ते 'अर्थात' मला अजून झोंबतंय.

मग परीक्षा. तीन कप, दोन एकाच कॉफीचे, वेगळा कोणता ते सांगा. गृहस्थांनी तिसऱ्यावर बोट ठेवलं आणि त्याच्या गोडव्यावर बरंच बोलले. मी म्हणालो, पहिला, कारण तो आंबट आहे. वेगळा पहिलाच होता. यजमान हळहळले, "सरांची जीभ दमली असेल." आणि मला म्हणाले, "तिनात एक, लागून जातं कधीकधी." माझीही जीभ तेवढेच भुरके मारून आली होती, तिला दमायची परवानगी नाही!

त्या रागात मी घरची पिशवी वाचून काढली. जाई, लिंबू, मध, सगळं छापलंय. वर्षभराची मुदत ठळक अक्षरांत. भाजल्याची तारीख मात्र कुठेच नाही, आणि खरी गोम तिथेच आहे. भाजलेल्या बीचा वास काही आठवड्यांत उतरू लागतो, दळलीत तर त्याहून कितीतरी झटपट. बरं, अगदी कालची भाजलेलीही चालत नाही. आत कार्बन डायऑक्साइड कोंडलेला असतो, पाणी पडलं की फसफसतो, म्हणून तिला काही दिवस नुसतं ठेवायचं. पिशवीवरची ती बारीकशी झडप हा वायू बाहेर सोडायला असते. इतकी वर्षं मला वाटायचं, ती पिशवी दाबून वास घ्यायची सोय आहे. दुकानात उभं राहून मी किती पिशव्यांशी ते केलंय, ते जाऊ द्या. पण गिऱ्हाइकाला जाई सांगता, तर तारीखही सांगा ना. जाई ओळखायला निदान नाक तरी लागतं, तारखेला तेही लागत नाही.

तर, डाग. निघताना मी त्या गृहस्थांना शर्ट दाखवला. म्हटलं, बघा, हे तुमचं. ते खाली वाकले, खिशाजवळ नाक आणलं, लांब श्वास घेतला.

"सुमात्रा," ते म्हणाले, आणि निघून गेले. सॉरी नाही, काही नाही.