पाचामुखी परमेश्वर

सोसायटीच्या, ऑफिसच्या किंवा गल्लीतल्या कुठल्याही ‘भव्य टेनिस बॉल क्रिकेट स्पर्धे’त यंदा पहिल्यांदाच उतरणार असाल, तर आधी अभिनंदन. बॅट घेतलीत, बूट घेतलेत, गुडघ्याला पट्टा बांधलात, बॅगेत आयोडेक्सची बाटली टाकलीत. आता अंपायरशी कसं वागायचं तेवढं शिकून घ्या. बॅटिंग नाही आली तरी निभावतं, हे मात्र आलंच पाहिजे. मी अधिकारानं सांगतोय. गेल्या रविवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी माझी या विषयातली पीएचडी पूर्ण झाली.

सुरुवात पत्रकापासून करा. वर नऊ शुभेच्छुकांचे फोटो, मधे पारितोषिकांची रक्कम, खाली बारीक अक्षरात नियम आणि सगळ्यात शेवटी ते वाक्य : ‘पंचांचा निर्णय अंतिम राहील.’ अख्ख्या पत्रकात तेवढंच खरं असतं. बक्षिसाची रक्कम ऐनवेळी कमी होते, साडेसातचा सामना नऊला सुरू होतो, ‘अल्पोपाहाराची सोय’ म्हणजे पारले-जी निघतो. ते वाक्य मात्र कधी बदलत नाही. तोंडपाठ करा.

मग पंच कसे नेमले जातात ते समजून घ्या, म्हणजे अपेक्षा ठेवायची सवय मोडेल. आपल्याकडे पंच होण्यासाठी पुढीलपैकी एक अर्हता लागते : मांडीचा स्नायू दुखावलेला असणे, आपली टीम आधीच हरलेली असणे, कमिटीतल्या कोणाचा तरी मेहुणा असणे, किंवा बॅटिंग करणाऱ्या संघातला नववा गडी असणे. या शेवटच्या प्रकाराला मान द्या. त्याची स्वतःची बॅटिंग यायची असते, त्यामुळे त्याला न्यायदानाची घाई असते. आणि आपला माणूस आऊट झाला तर त्याचा नंबर लवकर येतो, त्यामुळे तो कधीकधी स्वतःच्याच टीमविरुद्ध निःपक्षपाती होतो. तटस्थ पंचाची ही आमच्याकडची व्याख्या.

बाहेरच्या जगात तटस्थ पंच म्हणजे वेगळं काहीतरी असतं असं ऐकून आहे. 1986 साली पाकिस्ताननं घरच्या पंचांवरच्या आरोपांना कंटाळून वेस्ट इंडीजविरुद्धच्या लाहोर कसोटीला दोन भारतीय उभे केले, व्ही. के. रामस्वामी आणि आपले मुंबईचे पिलू रिपोर्टर. पाकिस्तानात, भारतीय पंच, 1986 साली! त्यांना जमलं. आम्हाला बी विंग विरुद्ध डी विंग या सामन्यासाठी ए विंगचा माणूस मिळत नाही, कारण ए विंगचं पार्किंगवरून दोघांशीही वाजलेलं आहे.

एकदा मिळाला होता, खरं सांगतो. साखळीतल्या एका सामन्यात कोणीच नव्हतं म्हणून गेटवरच्या वॉचमनना उभं केलं. माणूस एक शब्द बोलला नाही. चेंडूवर नजर, हात पाठीमागे, प्रत्येक चेंडूनंतर ओठांत आकडा. दोन वाइड दिले, दोन्ही बरोबर. अध्यक्षांना रनआऊट दिलं, तेही बरोबर. पुढच्या सामन्यापासून ते परत गेटवर, कारण म्हणे व्हिजिटरच्या रजिस्टरकडे दुर्लक्ष होतं. अध्यक्षांनीच सांगितलं.

असो. सल्ले पुढे.

वाइड मागू नका. ती नशिबात असावी लागते.

‘कमरेच्या वर होता, नो बॉल द्या’ असं म्हणू नका, कारण पुढचा प्रश्न ‘कोणाच्या?’ हा येतो. नियमात ती कमर क्रीजवर ताठ उभ्या असलेल्या बॅट्समनची धरतात. आमच्याकडे पंचांची धरतात, आणि आमचे पंच सहा फूट एक इंच आहेत.

अपील हळू आवाजात करू नका. अपील झाल्याशिवाय पंचानं आऊट द्यायचं नाही असा नियम आहे म्हणतात. आमचे पंच न मागताच देतात. दानत असावी लागते.

बॅट रेषेवर आली म्हणजे आत, असं सगळे मानतात, तुम्हीही माना. नियमाप्रमाणे क्रीज म्हणजे त्या पांढऱ्या पट्ट्याची आतली कड, आणि बॅट निव्वळ पट्ट्यावर असली तर गडी बाद. हे मी एकदा सांगून पाहिलं. मला ‘पुस्तकी’ म्हणाले. वर रेषाही रांगोळीची होती, ती दुसऱ्या ओव्हरपर्यंत कोणाच्या तरी बुटाबरोबर मिडविकेटला गेली होती.

पंचाच्या तोंडासमोर बोट नाचवू नका. 1987 मध्ये फैसलाबादला इंग्लंडचा कॅप्टन माइक गॅटिंगनं पाकिस्तानी पंच शकूर राणांशी तो प्रकार केला, तर कसोटीचा अख्खा एक दिवस खेळाविना गेला. आपण टर्फ तासावर घेतो. बाराशे रुपये तास.

आणि पंच फोनवर बोलत असतील तर त्यांना त्रास देऊ नका. हा सल्ला जरा सविस्तर देतो.

गेला रविवार, उपांत्य सामना, सहा-सहा ओव्हर. आम्हाला 61 हव्या होत्या, पाच ओव्हरनंतर 50 झाल्या. शेवटच्या ओव्हरला अकरा. बॅटिंगला मी. वय त्रेचाळीस, पण त्या दिवशी बॅटला लागत होतं. पहिल्या चेंडूवर दोन. दुसरा सरळ किपरकडे. तिसरा पायात आला आणि मी तो असा काही उचलला, की जाळीच्या वरच्या बांबूला लागून पलीकडे रिक्षा स्टँडवर गेला. एक टप्पा होता म्हणून चार. चेंडू आणायला एक पोरगं पळालं. तेवढ्या वेळात पंचांचा फोन वाजला.

आमचे पंच खडे वापरतात. आपली जुनी आणि उत्तम पद्धत : सहा खडे उजव्या खिशात, चेंडू पडला की एक डाव्या खिशात. फोन त्यांच्या घरचा होता, कोथिंबीर हवी होती. ‘हां. हो. किती जुड्या? दहाला दोन? बरं.’ मी त्या बाजूनं सगळं ऐकत होतो आणि मनात म्हणत होतो, घ्या काका, सावकाश घ्या, मलाही दम खाऊ द्या. माणसानं स्वतःच्या ऱ्हासाला किती प्रेमानं हातभार लावावा!

फोन उजव्या खिशातून निघाला होता. बोलणं झालं आणि तो डाव्या खिशात गेला. हे मला त्या वेळी दिसलं नाही. माझ्या मुलीनं काढलेल्या व्हिडिओत दिसतं. रात्री तीन वेळा पाहिला. फोनबरोबर मुठीत एक खडा आला आहे, आणि तोही फोनबरोबरच डाव्या खिशात गेला आहे.

चौथा चेंडू, एक धाव. पाचवा, पलीकडच्यानं एक काढून मला स्ट्राइक दिला. आता 58, एक चेंडू, तीन धावा. दोन काढल्या तरी बरोबरी. मी हातमोजे घट्ट केले. फिल्डिंग बघितली, लाँग ऑफ रिकामा. बॉलर कॉलेजचा पोरगा, घाबरलेला, दोन्ही हातांनी चेंडू पुसत होता. टेनिस बॉल पुसून काय होतं देव जाणे. मी स्टान्स घेतला.

‘ओव्हर!’ पंच म्हणाले. ‘मॅच!’ आणि चालायला लागले.

मी म्हटलं, काका, एक राहिला. ते म्हणाले, सहा झाले. मी म्हटलं, पाच. त्यांनी डावा खिसा उलटा केला आणि सहा खडे तळहातावर मांडून दाखवले. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. कोर्टात टिकेल असा पुरावा. डी विंगवाले तोपर्यंत एकमेकांच्या गळ्यात पडलेले. त्यांच्या कॅप्टनला विचारलं, तू तरी सांग रे. तो म्हणाला, ‘दादा, पंचांचा निर्णय अंतिम.’ त्याला माहीत होतं. बॉलरला माहीत होतं, तो माझ्याकडे बघेना. स्कोअर लिहिणाऱ्या मुलाला तर माहीतच होतं, कारण त्याच्या मोबाइलवरच्या अ‍ॅपवर स्पष्ट 5.5, म्हणजे पाच ओव्हर पाच चेंडू, दिसत होतं आणि अ‍ॅप मॅच संपवायला तयार नव्हतं. यंत्र बिचारं प्रामाणिक, एक चेंडू मागत होतं. मग त्या मुलानं काय केलं माहितीय? एक चेंडू टाकला. मोबाइलवर. डॉट, म्हणजे शून्य धाव. आज त्या अ‍ॅपवर माझ्या नावापुढे एक डॉट बॉल आहे, जो या पृथ्वीतलावर कोणी टाकला नाही, कोणी खेळला नाही. बाकी लाँग ऑफ रिकामा होता हे कुठंच नोंदलेलं नाही.

लहानपणी याला आम्ही ‘रडीचा डाव’ म्हणायचो आणि डाव परत घ्यायचो. आता जर्सीवर नावं छापतो, म्हणून परत घेता येत नाही.

रात्री साडेअकराला मी एमसीसीचे, म्हणजे क्रिकेटचे नियम ठरवणाऱ्या लॉर्ड्सवरच्या मेरिलबोन क्रिकेट क्लबचे, नियम उघडून बसलो. म्हटलं, उद्या कमिटीच्या तोंडावर फेकतो. सतरावा नियम, ओव्हरचा. त्यात लिहिलंय, की पंचानं चेंडू मोजताना चूक केली, तर पंचानं मोजली तीच ओव्हर धरायची. वाचलंत? लॉर्ड्सवर बसून, शे-दोनशे वर्षं विचार करून, त्यांनी आमच्या कोथिंबिरीची सोय करून ठेवली आहे. पाचामुखी परमेश्वर म्हणतात तो हा.

आणि हे फक्त आमच्याकडे होतं असं समजू नका. 14 फेब्रुवारी 2012, अ‍ॅडलेड, भारत विरुद्ध श्रीलंका. आपण पाठलाग करत असताना मलिंगाची एक ओव्हर पाच चेंडूंत संपली. मैदानात दोन पंच, आत तिसरा, वर मॅच रेफरी, पन्नास कॅमेरे, कोणाच्या वेळेत लक्षात आलं नाही. शेवटच्या चेंडूवर चार हव्या होत्या, धोनीनं तीन काढल्या, 236 वर टाय. तो गिळलेला सहावा चेंडू मिळाला असता तर? मला तेव्हा हसू आलं होतं. आता येत नाही. फरक एवढाच, की त्यांची निदान बरोबरी झाली.

या सगळ्यावर सल्ला काय? शांत राहा. हसतमुखानं हात मिळवा. ‘खेळभावना’ हा शब्द दोनदा उच्चारा. बक्षीस समारंभाला टाळ्या वाजवा, आणि ‘उत्कृष्ट पंच’ म्हणून त्यांनाच शाल-श्रीफळ देतील तेव्हा उभं राहून…

नाही, नाही जमत. सरळच बोलतो.

कमिटीवाल्यांनो, तुम्ही चार फुटी ट्रॉफी आणलीत. उद्घाटनाला ड्रोन उडवलात. ढोल-ताशा बोलावलात, प्रत्येकाला साडेचारशेची जर्सी शिवलीत, पाठीवर नाव, बाहीवर बिल्डरचा लोगो. कॉमेंट्रीला माइक लावलात, त्या माइकवरून सकाळी सहापासून ‘हॅलो चेक’ चाललं होतं. आणि पंचासाठी बजेट किती? दोन वडापाव आणि एक टोपी. मुंबईत एमसीए, म्हणजे मुंबई क्रिकेट असोसिएशन, पंचांची परीक्षा घेते, ती पास झालेली माणसं आपल्याच शहरांत राहतात, दिवसाचे पैसे घेऊन येतात आणि सहापर्यंत मोजतात. त्यांना बोलवा की! ट्रॉफी दोन फुटांची केलीत तर कोणाचं काय बिघडणार आहे? ती शेवटी क्लबहाउसच्या कपाटातच धूळ खाणार आहे, गेल्या वर्षीचीच्या मागे.

डी विंगवाल्यांनो, तुम्हाला माहीत होतं. अकराच्या अकरा जणांना. नियमात बसत असेल, माणसात बसत नाही. ‘काका, एक राहिलाय’ एवढं म्हणायला काय जात होतं? एका चेंडूवर तीन काढणाऱ्या त्रेचाळीस वर्षांच्या माणसाला एवढे घाबरलात?

आपण काही फार वेगळे आहोत असंही नाही. ‘अंपायरला कोण उभं राहतं रे?’ अशी हाक आली की बावीसच्या बावीस जण खाली वाकून बुटाची नाडी बांधायला लागतात. मीही वाकतो. साखळीत एकदा माझ्यावर पाळी आली होती. कट लागलेली मला स्वच्छ ऐकू आली, किपरनं झेललीही, आणि मी ‘नाही’ म्हणून मान हलवली. बॅट्समन माझ्या समोरच्या फ्लॅटमधला. गाडीची बॅटरी उतरली की तोच धक्का मारायला येतो. त्या दिवशी समोरच्या टीमचा बॉलर माझ्याकडे जसं बघत होता, तसंच परवा मी बघत होतो. म्हणून हे सगळं मला जास्तच झोंबलंय, तेही कबूल.

पण काका, तुम्ही. तुमच्या घरच्या कोथिंबिरीशी माझं भांडण नाही. चूक सगळ्यांची होते. पण मी ‘एक राहिला’ म्हणालो तेव्हा स्कोअररला विचारायला काय झालं होतं? वीस पावलांवर बसला होता. मोबाइल दाखवत होता हात वर करून. तुम्ही त्याच्याकडे बघितलंतही, आणि तरी खिसा उलटा केलात, कारण निर्णय दिला होतात आणि तो फिरवला तर टोपी वाकडी झाली असती. पुढच्या वेळी फोन घरी ठेवा. चहा ओव्हर संपल्यावर प्या. खडे नसतील झेपत तर बोटांवर मोजा. एका हाताला पाचच असतात, मान्य. सहाव्या चेंडूला दुसरा हात खिशातून बाहेर काढा.