दोन बाराच्या काइट आणि मोरजीची दुपार : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया आली त्याच रात्री वाचली, पण उत्तराला तीन आठवडे लागले. तुमचा पहिला मुद्दा बसल्या जागी उत्तर देण्यासारखा नव्हता. तो किनाऱ्यावर जाऊन तपासायला हवा होता.

इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. काइटसर्फिंगमध्ये आपण बोर्डावर उभे राहतो आणि लांब दोऱ्यांनी (लाइन) बांधलेला मोठा पतंग, म्हणजे काइट, आपल्याला पाण्यावरून ओढतो; ती चालवायचा हातातला दांडा म्हणजे बार. काइटच्या नावाआधीचे ९, १२ हे आकडे चौरस मीटरमधले. मोरजी गोव्यात, पांबन तमिळनाडूत. आधीच्या लेखात मी तीन प्रकारच्या काइटची तुलना केली होती: तीन स्ट्रटची (स्ट्रट म्हणजे कापड ताठ ठेवणाऱ्या हवा भरलेल्या नळ्या) एफ-वन बँडिट, एकाच स्ट्रटची ओझोन अल्फा आणि नळ्या नसलेली, पॅराग्लायडरसारखी दिसणारी फॉइल काइट. त्यावर तुम्ही लिहिलंत, "९ ची बँडिट पांबनला उडवायची, १२ ची अल्फा मोरजीला उडवायची आणि मग बँडिट चपळ, अल्फा सुस्त म्हणायचं, ही तुलना नव्हे. स्वतःचं वजनही लिहिलेलं नाही. माझं ८२ किलो आहे, मला यातून काय कळणार? आणि अर्धा लेख रीलाँच (पाण्यात पडलेली काइट पुन्हा उठवणं) आणि सेफ्टीवर. ते आजकाल सगळ्या काइटमध्ये सारखंच असतं. उडी किती उंच जाते, वाऱ्यावर (वारा येतो त्या दिशेला) किती चढते, ते सांगा. ऑलिम्पिकला सगळे फॉइल उडवतात, त्यातच सगळं आलं."

पहिला मुद्दा पूर्ण मान्य. काइट वळते तेव्हा तिच्या बाहेरच्या टोकाला लांबचा फेरा घ्यावा लागतो. १२ ची काइट तो फेरा पुरा करेपर्यंत ९ ची वळून मोकळी झालेली असते, मग ती कुठल्याही कंपनीची असो. त्यात पांबनला त्या दिवशी १८ नॉट वारा होता आणि मोरजीला १२. वाऱ्याचा वेग दीडपट झाला की त्याचा जोर सव्वादोनपट होतो. एवढा जोर मिळाल्यावर काइट हवेत वेगाने पळते, बारचा इशारा तिला लगेच कळतो आणि चालवणाऱ्याला वाटतं, काय चपळ काइट आहे! मी आकाराचा आणि वाऱ्याचा फरक डिझाइनच्या नावावर मांडला. हे वाचून कुणी काइट विकत घेतली असती तर त्याचे पैसे चुकीच्या कारणासाठी गेले असते. ती वाक्यं मी मूळ लेखातून काढली आहेत आणि का काढली तेही तिथे लिहिलं आहे.

वजनाचंही बरोबर. माझं वजन ६४ किलो. साधा हिशेब असा की त्याच वाऱ्यात, त्याच बोर्डावर लागणारी काइट वजनाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे माझी १२ ती तुमची १५. मी "मोरजीला १२ पुरते" असं लिहिलं होतं, त्यात "६४ किलोला" हे दोन शब्द राहिले आणि त्यामुळे अख्खं वाक्यच निकामी झालं.

म्हणून फेब्रुवारीत मी पुन्हा मोरजीला गेलो. एका मित्राची १२ ची बँडिट मागून घेतली, १२ ची अल्फा माझ्याकडे होतीच. बार एक, लाइन २२ मीटरच्या, बोर्डही एकच. दोन्ही कंपन्या आपलाच बार वापरा म्हणतात हे मला माहीत आहे, म्हणून प्रत्येक अदलाबदलीच्या वेळी मागच्या लाइनची लांबी जुळवून घेतली. आता तुलना चोख होईल असं वाटलं होतं. झाली नाही, आणि का झाली नाही हे तुम्हाला सांगायलाच हवं, कारण हा घोळ तुमच्या प्रतिक्रियेतही नव्हता आणि माझ्या डोक्यातही नव्हता.

मोरजीचा वारा म्हणजे आपण शाळेत भूगोलात शिकलो ते खारे वारे. सकाळभर जमीन तापते, वरची हवा हलकी होऊन चढते आणि तिच्या जागी समुद्रावरची गार हवा आत येते. बाराएकच्या सुमारास नुसती झुळूक असते, दोननंतर वायव्येकडून नीट वारा लागतो, चार-साडेचारला भर येतो आणि सूर्य खाली गेला की पडतो. पहिल्या दिवशी मी दोन वाजता अल्फा उडवली, साडेतीनला बँडिट. बँडिट कितीतरी ताकदवान वाटली. वहीत तसं लिहूनही टाकलं. मग वारामापकाच्या नोंदी बघितल्या: दोन वाजता १० नॉट, साडेतीनला १४. जोर जवळजवळ दुप्पट! दुसऱ्या दिवशी क्रम उलटा केला, तर अल्फा ताकदवान आणि बँडिट मरगळलेली. म्हणजे मोरजीला जी काइट नंतर उडवाल ती जिंकते. माझ्या आधीच्या कितीतरी मतांमध्ये हे शिरलेलं असणार. दुकानाच्या डेमोला जाणाऱ्यांच्या मतांमध्येही शिरत असणार, कारण तिथे आपण आपली काइट आधी उडवतो आणि नवीन नंतर.

तिसऱ्या दिवशी वीस-वीस मिनिटांच्या पाळ्या केल्या: अल्फा, बँडिट, पुन्हा अल्फा, पुन्हा बँडिट. प्रत्येक पाळीआधी हवेचा दाब बघितला. हे शेवटचं लोक सोडून देतात. नळीत हवा कमी असली की काइट वळताना वाकते, थरथरते, आणि आपण दोष डिझाइनला देतो. वाळूवर उन्हात पडलेल्या काइटचा दाब वाढतो आणि पाण्यात पडल्यावर उतरतो, तेव्हा सकाळी एकदा पंप मारून दिवसभर विसरून जाणं तुलनेच्या दिवशी चालत नाही.

आता जे हाती आलं ते. सारख्या आकारात आणि सारख्या वाऱ्यात बँडिट अल्फापेक्षा चपळ आहे, पण थोडीशीच. आधीच्या लेखातलं "जमीन-अस्मानाचा फरक" मी मागे घेतो. १० नॉटच्या आसपास तर चित्र उलटं झालं. अल्फाला स्ट्रट एकच, त्यामुळे अंगाने हलकी. जिथे बँडिट डोक्यावर उभी केली की हळूहळू मागे सरकून पडायला बघत होती, तिथे अल्फा निवांत तरंगत होती आणि बारला उत्तरही देत होती. जिला मी सुस्त म्हटलं होतं ती त्या वाऱ्यात जास्त जिवंत निघाली. १४ च्या वर गेल्यावर एका स्ट्रटची मर्यादा दिसू लागली. बार पुढे सोडला की कापड फडफडायला लागतं, हाताला नेमकं काही कळेनासं होतं. झपाटे येतात तेव्हा बँडिट कितीतरी स्थिर. माझ्या मते हा निकाल आधीच्यापेक्षा कितीतरी उपयोगी आहे आणि तो तुमच्या आक्षेपामुळे मिळाला. त्याबद्दल मनापासून आभार.

दोन बाराच्या काइटही पूर्ण सारख्या नसतात. आकार म्हणून जो आकडा छापलेला असतो तो कापड जमिनीवर सपाट पसरलं तर किती भरेल याचा. हवेत कमान झाल्यावर वाऱ्यासमोर येणारं क्षेत्र त्याहून कमी, आणि किती कमी ते कमानीवर अवलंबून. जुन्या सी-काइटची (इंग्रजी 'सी'सारख्या वाकलेल्या) कमान एवढी खोल असायची की तिची १२ आजच्या सपाट बो काइटच्या १२ पुढे लहान पडे. काइटना दहापैकी गुण द्यायला मी तयार होत नाही त्याचं हे एक कारण. गुण दिले की हे सगळं त्या आकड्याखाली झाकलं जातं.

आता जिथे मी तुमच्याशी सहमत नाही तिथे येतो. रीलाँच आणि सेफ्टी सगळीकडे सारखी नसते.

बारवरच्या क्विक रिलीजसाठी (काइटपासून झटकन सुटायचं कुलूप) २०२० पासून आयएसओ २१८५३ हे मानक आहे. तुम्ही बहुधा त्यावरूनच म्हणत असाल. पण ते मानक बोलतं तुमच्या पोटाजवळच्या त्या कुलपाबद्दल: दाबलं की सुटलं पाहिजे. सुटल्यावर वीस-बावीस मीटर पलीकडची काइट काय करते, पाण्यावर कशी पडते, पुन्हा उठते की नाही, हे त्या कुलपाच्या हातात नाही. ते काइटच्या बांधणीत आहे. बँडिटसारखी मागे झुकलेल्या टोकांची काइट पाण्यात नाक खुपसून पडली तरी एक मागची लाइन ओढून धरली की लोळत लोळत कडेला जाते आणि तिथून स्वतःच उठते. लांबुळक्या काइटना जास्त वारा आणि जास्त सराव लागतो. फॉइलला मागच्या लाइन ओढून उलट दिशेने उठवावं लागतं, आणि तिची टोकं एकमेकांत अडकली असतील तर तेही होत नाही.

या खेळाचा उगमच या प्रश्नात आहे. फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यावरचे ब्रुनो आणि डोमिनिक लेगेन्यू हे दोघे भाऊ, त्यांनी १९८४ मध्ये हवा भरलेल्या नळीच्या काइटचं पेटंट मागितलं. काइटने माणसाला ओढणं त्याआधीही होत होतं. अडचण एकच होती: पाण्यात पडलेली काइट तिथेच राहायची. त्यांच्या नळीमुळे ती तरंगू लागली आणि पुन्हा उठू लागली. पुढे २००५ च्या सुमारास ब्रुनोच्याच कल्पनेतून बो काइट आल्या. पुढच्या कडेला ब्रायडलचा (फाटे फुटलेल्या दोऱ्यांचा) आधार मिळाला, त्यामुळे बार सोडला की जवळपास सगळा जोर उतरू लागला. या दोन्ही पायऱ्या उंच उडीसाठी नव्हत्या, वाईट क्षणासाठी होत्या. म्हणून मी लेखाचा अर्धा भाग त्या क्षणाला दिला, आणि पुन्हा लिहिलं तरी देईन. चांगल्या वाऱ्यात, चांगल्या दिवशी आजच्या बहुतेक काइट चांगल्याच वाटतात. त्यांच्यातला फरक दिसतो तो वारा पडल्यावर किंवा अचानक भडकल्यावर.

हे मी अनुभवाने बोलतोय. दोन वर्षांपूर्वी मोरजीलाच एक जुनी १५ ची फॉइल उडवत होतो. साडेपाच वाजून गेले होते, वारा उतरत होता, आणि अजून एक फेरी म्हणून मी आत गेलो. चूक माझी, काइटची नाही. वारा पडला, काइट पाण्यावर बसली, तिचं एक टोक लाइनच्या खाली गेलं. उठवायचा प्रयत्न केला तेवढ्या वेळात कापडात पाणी शिरून ती जड झाली. मोरजीच्या दक्षिण टोकाला शापोरा नदीचं मुख आहे आणि वायव्येचा वारा आपल्याला त्याच बाजूला सरकवतो. त्या संध्याकाळी ओहोटी होती, नदीचं पाणी बाहेर ओढत होतं. लाइन बारला गुंडाळत काइटपर्यंत पोहोचलो, पण धरायला काही नव्हतं, नुसतं ओलं कापड. नळीच्या काइटमध्ये अशा वेळी पुढची नळी छातीखाली घेता येते, एक टोक वर धरून तिचंच शीड करता येतं. मला मच्छीमारांच्या होडीने बाहेर काढलं. त्यांनी एक रुपया घेतला नाही. उलट काइटच्या बारीक दोऱ्या त्यांच्या जाळ्यात अडकल्या होत्या त्या सोडवत बसले.

म्हणून ऑलिम्पिकचा दाखला मला पटत नाही. पॅरिस २०२४ च्या काइट शर्यती मार्सेला झाल्या. पुरुषांत ऑस्ट्रियाचा व्हॅलेंटिन बोंटुस जिंकला, महिलांत ब्रिटनची एली ऑल्ड्रिज, आणि सगळेच फॉइल काइट आणि हायड्रोफॉइलवर (खाली पाण्यात पंख असलेल्या बोर्डावर) होते हे खरं. वाऱ्यावर चढण्यात फॉइलला तोड नाही, हेही मी आनंदाने मान्य करतो. पण शर्यतीच्या पाण्यात बचाव पथकाच्या मोटरबोटी असतात. मोरजीला संध्याकाळी साडेपाचला कुणी नसतं. रापण ओढणारी माणसं असली तर नशीब. जी काइट जगातल्या सर्वोत्तम खेळाडूला मार्सेला जिंकवते तीच पहिल्या वर्षाच्या माणसाला आश्वे-मांद्र्याच्या किनाऱ्यावर द्यावी असं त्यातून निघत नाही.

उडीबद्दल फार लिहीत नाही. उंच उड्यांसाठी नॉर्थ ऑर्बिटसारख्या पाच स्ट्रटच्या काइट आहेत, पण त्यांना हवा तसा वारा पांबनला किंवा श्रीलंकेत कल्पिटियाला मिळतो. मोरजीच्या १२ नॉटमध्ये उडीची तुलना करण्यात अर्थ नाही. त्या वाऱ्यात माझी उडी कमरेच्या वर जात नाही.

शेवटी तुम्ही विचारलंत, ८२ किलोच्या माणसाने मोरजीसाठी काय घ्यावं. वजनाच्या हिशेबाने १५ येते, पण मी सांगेन १४ ची तीन स्ट्रटची घ्या आणि उरलेला फरक बोर्डाने भरून काढा. १५० सेंटीमीटरच्या वरचा, रुंद, सपाट ट्विनटिप (दोन्ही टोकं सारखी असलेला बोर्ड) घ्या. मोठा बोर्ड तुम्हाला कमी वाऱ्यात पाण्यावर उचलून धरतो, आणि पडल्यावर उठवायची काइट मात्र १४ चीच राहते. फॉइल हवीच असेल तर रीलाँच आधी उथळ पाण्यात पन्नास वेळा करा, आणि मोरजीला पाचनंतर ती पाण्यात नेऊ नका.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात मी तिथेच आहे. तुमची काइट घेऊन या, मी बँडिट आणि वारामापक आणतो. दोन वाजता सुरू करू: आधी तुमची, मग माझी, मग पुन्हा तुमची.