नववा अवतार म्हटलं की झालं?

धम्मचक्र प्रवर्तन दिनाला भाचीनं दीक्षाभूमीवरच्या स्टॉलवरून मज्झिम निकायाचा, म्हणजे बुद्धांच्या सुत्तांच्या (प्रवचनांच्या) पाली संग्रहाचा, अनुवाद घेतला, फोटो फॅमिली ग्रुपवर टाकला आणि ग्रुप पेटला. महालातले काका म्हणाले, "काहून गं, आपल्या घरात ग्रंथ कमी होते का?" धंतोलीच्या आत्यानं सारवासारव केली, बुद्ध काय परका आहे, विष्णूचा नववा अवतारच की!

मला आत्याचाच जास्त राग आला. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी आपल्याच नागपुरात ज्या २२ प्रतिज्ञा दिल्या, त्यातली पाचवी नेमकं हेच नाकारते. समोरचा काय म्हणतो ते ऐकायचंच नाही आणि वर त्याला आपला म्हणायचं, ही कसली आपुलकी?

इथे कॅनडात, स्कार्बरोत, शनिवारी लायब्ररीत आम्ही काहीजण सुत्तं वाचतो. परवा मज्झिम निकायातलंच उपालिसुत्त निघालं. नालंदेचा उपाली हा निगंठ नातपुत्तांचा, म्हणजे महावीरांचा, उपासक. बुद्धांशी वाद घालायला जातो आणि त्यांचाच होऊ पाहतो. बुद्ध म्हणतात, घाई नको, नीट विचार कर. आणि निगंठांना, म्हणजे जैन साधूंना, तुझ्या दारी आजवर भिक्षा मिळत आली आहे, ती देत राहा. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. पण सुत्त तिथं थांबत नाही. शेवटी बुद्धांची स्तुती सहन न होऊन नातपुत्तांच्या तोंडातून गरम रक्त येतं. आमच्यातल्या जैन गृहस्थांनी पुस्तक मिटलं. "हे तुमच्या लोकांनी आमच्याबद्दल लिहिलंय." सिंहली आजी म्हणाल्या, "हो, लिहिलंय. मलाही वाचवत नाही ते." मग त्या गृहस्थांनी आपल्या आगमांतले, म्हणजे जैन ग्रंथांतले, महावीर सांगायला घेतले. लायब्ररी बंद व्हायची वेळ झाली तरी कोणी उठेना. सर्वधर्मसमभावाच्या भाषणांतून हे मला कधी मिळालं नव्हतं.

"तिकडे बसून आम्हाला शिकवू नकोस," काकांचा शेवटचा मेसेज. तो मला लागला. पंजाबात जन्मलेले भदन्त आनंद कौसल्यायन, जातककथा हिंदीत आणणारे, नागपूरचे झाले. जपानहून आलेले भदन्त सुरई ससाई नागपूरचे झाले. नागपुरात वाढलेली मी मात्र 'तिकडची'. आणि इथे दीक्षाभूमीचा विषय निघाला की सगळे माझ्याकडे वळतात, तू नागपूरची ना, तू सांग.

भाचीला कळवलंय, उपालिसुत्त काकांना आणि आत्याला मोठ्यानं वाचून दाखव, रक्ताचा भागही गाळू नकोस. मी व्हिडिओवर असेन. काकांनी भांडावं, हवं तितकं, पण ऐकून भांडावं.