पिंपळ उगवायला कावळ्याचं पोट लागत नाही

पितृपक्ष तोंडावर आला की एक मजकूर मोबाइलवर हमखास येतो. त्याचा सारांश असा: वड-पिंपळाचं बी पेरून रुजत नाही, फांदीही जगत नाही, कावळ्याच्या पोटातून गेलेलं बीच उगवतं. कावळी भाद्रपदात अंडी घालते, तिच्या पिल्लांना सकस अन्न मिळावं म्हणून ऋषींनी श्राद्धाची खीर लावून दिली. शिवाय पिंपळ चोवीस तास ऑक्सिजन देतो.

‘बी रुजत नाही.’ रुजतं, रोपवाटिकांत दरवर्षी रुजवतात. झाडाखाली पडलेली पूर्ण पिकलेली फळं घ्यायची, पिंपळाची काळपट-जांभळी, वडाची लाल. झाडावरून तोडलेल्या कच्च्या फळात बी तयारच नसतं. बरेच जण इथेच फसतात आणि मग कावळ्याची गोष्ट पटते. फळं पाण्यात कुस्करायची, तरंगणारं पोचट बी टाकून तळाचं ठेवायचं, सावलीत वाळवायचं. कुंडीत विटांचा चुरा, वाळू आणि चाळलेलं शेणखत. बी खसखशीहून फारसं मोठं नाही आणि त्याला उजेड लागतो, म्हणून वर नुसतं भुरभुरवायचं. मातीखाली दाबलं की गेलं. झारीने पाणी घातलं तर बी वाहून जातं, तेव्हा कुंडी पाण्याच्या परातीत ठेवून खालून ओल द्यावी. त्या पाण्याने मुंग्याही अडतात, नाहीतर त्या बी पळवतात. काही आठवड्यांत कोंब दिसतात.

वडाची फांदी तर सहज लागते. मनगटाएवढी जाड, 6-8 फूट लांब फांदी पावसाच्या सुरुवातीला खोल रोवली की बहुधा फुटते. पिंपळाची फांदी मात्र लहरी, तिथे बीच बरं.

कावळा ही फळं खातो आणि बी पसरवतो, एवढं खरं. पण तेच काम वटवाघूळ, तांबट, बुलबुल, साळुंकी, कोकीळ, धनेशही करतात. उलट आपला राज्यपक्षी हरियाल फळांवर तुटून पडतो, पण त्यातल्या बऱ्याच बिया त्याच्या पोटात दळल्या जातात.

‘कावळी भाद्रपदात अंडी घालते.’ गावकावळ्याचा मुख्य हंगाम एप्रिल ते जुलै, डोमकावळ्याचा त्याहून लवकर. वैशाखात कावळ्याने घरटं कोणत्या फांदीवर बांधलं यावरून पावसाचा अंदाज बांधणारा शेतकरी हे जाणतो. कोकिळाही त्याच दिवसांत ओरडतो, कारण कोकिळेला अंडी घालायला कावळ्याचं घरटं हवं असतं. अंडी 16-17 दिवस उबवली जातात, पिल्लं पुढे तीन-चार आठवड्यांत उडतात. म्हणजे पितृपक्षाच्या वेळी, सप्टेंबरच्या आसपास, बहुतेक पिल्लं स्वतः चोच मारत हिंडत असतात. आणि पिल्लांना कावळे भरवतात ते किडे, उंदीर, दुसऱ्या पक्ष्यांची अंडी. दूध-साखरेची खीर त्यांचा सकस आहार कसा, हे मजकूर लिहिणाऱ्यालाच ठाऊक.

‘पिंपळ चोवीस तास ऑक्सिजन देतो.’ झाडाचा ऑक्सिजन उजेडात पाण्याचं विघटन होऊन सुटतो. रात्री पिंपळही इतर झाडांसारखा ऑक्सिजन घेतो.

‘श्राद्ध कावळ्यासाठीच.’ पंचबळीत, म्हणजे श्राद्धात काढून ठेवायच्या पाच घासांत, कावळ्याबरोबर गाय, कुत्रा, मुंग्या आणि देवादिकांचाही वाटा असतो. कुत्रा कोणतं झाड लावतो? धर्मशास्त्रात वर्षाला 96 श्राद्धांची यादी आहे, त्यात 12 अमावास्या आणि 12 संक्रांती येतात; भाद्रपद वद्य पक्ष हा त्यातला एक भाग. दहाव्याचा काकस्पर्श तर बारमाही. घाटावर वाट पाहूनही कावळा शिवला नाही, तर दर्भाचा कावळा करून पिंडाला लावतात आणि विधी पुरा होतो. कावळ्याचं पोट भरणं हाच हेतू असता तर हा पर्याय चालला नसता.

खरोखर पक्ष्यावर अवलंबून असलेला अंत्यविधी पाहायचा तर मुंबईच्या डुंगरवाडीकडे, पारशांच्या अंत्यविधीच्या जागेकडे, पाहावं. पारशी डोखम्यात, म्हणजे वरून उघड्या गोल मनोऱ्यात, देह गिधाडांच्या स्वाधीन करत. गुरांना दिलेलं डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक त्यांच्या मढ्यांतून गिधाडांच्या पोटात गेलं, मूत्रपिंडं निकामी होऊन गिधाडं जवळजवळ संपली. 2006 मध्ये या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली, तोवर उशीर झाला होता. डुंगरवाडीत उन्हाची उष्णता देहावर एकवटणारी सौर यंत्रं बसवावी लागली.