खालच्या मजल्यावरचा क्षय

झोपडपट्टी जाऊन टॉवर उभे राहिले की मुंबईतला क्षय आपोआप हटेल, असं पुनर्विकासाच्या वादात हमखास म्हटलं जातं. पूर्व लंडनमधून वाचताना मला ते भाबडं वाटतं. गोवंडीची लल्लुभाई आणि नटवर पारेख कंपाउंड पक्क्या इमारतींचीच वस्ती आहे. दोन इमारतींत जेमतेम तीन मीटर जागा! 2018 च्या सुमारास तिथल्या पाहणीत क्षयरुग्ण खालच्या मजल्यांवर जास्त आढळले. एका वॉर्डाचा एकच आकडा काढला की हा फरक दिसेनासा होतो.

कारण साधं आहे. खोकल्यातले जंतू बंद खोलीत तासन्‌तास तरंगतात. ऊन त्यांना मारतं, वारा बाहेर नेतो; दाटीतल्या खालच्या मजल्यांवर दोन्ही कमी पोचतात. पंखा मात्र तीच हवा घुसळतो. समोरासमोरच्या दोन उघड्या खिडक्यांची सर त्याला नाही.

लंडनही काही साधुसंत नाही. न्यूहॅम या आपल्या उपखंडातल्या लोकांच्या भागात 2011 च्या सुमारास लाखामागे शंभराहून जास्त रुग्ण होते, तर त्याच शहरातल्या सधन रिचमंडमध्ये अगदी थोडे. व्हिसाआधीच्या एक्स-रेत फुप्फुसाचा सक्रिय आजार कळतो, सुप्त संसर्ग कळत नाही. म्हणून नव्याने आलेल्या तरुणांची रक्ततपासणी सुरू झाली आणि संसर्ग असेल तर तीन महिने दोन औषधं किंवा सहा महिने एक, असा उपचार. शिवाय अनेक भाडेकरू एकत्र राहतात अशा परवान्याच्या घरात झोपायची खोली एका प्रौढाला किमान 6.51 चौरस मीटर, दोघांना 10.22. हा नियम सर्रास मोडला जातो, पण तक्रार करायला हातात आकडा तरी असतो.

आपल्याकडे पुनर्वसनातली कित्येक घरं 225 चौरस फुटांची, म्हणजे स्वयंपाकघर-संडास धरून सुमारे 21 चौरस मीटर. पाच जण राहिले तर माणशी चार. निक्षय पोषण योजनेत क्षयरुग्णाला आहारासाठी सरकारकडून महिना 1000 रुपये मिळतात, ते मिळायलाच हवेत. पण तो परततो त्याच खोलीत.

'खिडकी उघडा' असं रहिवाशांना सांगणं सोपं. खालची खिडकी बंद असते कारण वरून टाकलेला कचरा त्या तीन मीटरच्या फटीत कुजतो, डास येतात, समोरचा थेट घरात पाहतो. आधी फट रोज साफ करा, खिडक्यांना डासांची जाळी बसवा. नव्या आराखड्यांत इमारतींमधलं अंतर कमी करायची सवलत मागितली, तर तळमजल्यावर ऊन किती तास येईल ते आधी लेखी द्यायला लावा.