दहा ग्रॅमचा परीक्षक

पक्ष्याच्या पायात रिंग अडकवणे हे काम पायाचे असल्याने ते फारसे अवघड नसावे, अशा समजुतीने मी हतनूरच्या जलाशयाकाठी, तापीच्या अंगावर येणाऱ्या थंडीत, रिंगिंग शिकायला गेलो. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा असून परवान्याशिवाय पक्ष्याला हात लावता येत नाही. आम्हाला शिकवणाऱ्या ताईंच्या गटाकडे परवाना होता, आणि माझ्याकडे फक्त वही होती. नवशिक्याने प्रथम लिहायचे, मग पाहायचे, आणि हात लावायचा प्रसंग शक्य तितका लांबवायचा, असा तिथला क्रम होता. तो शहाणपणाचा आहे, हे माझी बोटे पाहणाऱ्या कोणालाही पटले असते.

पाणकणसाच्या कडेला दोन बांबूंमध्ये ताणलेले काळे जाळे इतके बारीक असते की पक्ष्यालाच काय, मलाही ते दिसत नसे. फरक एवढाच की पक्षी हळूच त्याच्या झोळीत पडे आणि मी शर्टाच्या बटणाला लटकत असे. अडकलेला पक्षी ज्या बाजूने आत शिरला त्याच बाजूने, आणि पाय आधी मोकळे करून, काढावा लागतो. सातभाईला हा नियम मान्य नसतो. तो जाळ्याचे धागे पंजात घट्ट धरून ठेवतो आणि तोवर त्याचे सगळे भाऊबंद शेजारच्या बाभळीवर जमून, एखाद्या भावकीच्या वाटणीत व्हावा तसा गलका करतात.

अखेर ताईंनी माझ्या हातात दहा ग्रॅमही न भरणारा वटवट्या दिला. मान तर्जनी आणि मधल्या बोटाच्या बेचक्यात, पाठ तळहाताला टेकलेली, बाकीची बोटे सैल, अशी ती पकड. मला मानेची भीती वाटत होती, पण धोका छातीला होता. पक्ष्याला आपल्यासारखा छाती-पोटामधला श्वासपटलाचा पडदा नसतो. उरोस्थी, म्हणजे छातीचे हाड, हलवूनच तो श्वास घेतो, म्हणून छाती दाबली की गुदमरतो.

"काका, घट्ट नको," ताई म्हणाल्या.

मी बोटे सैल केली.

"काका, इतकी सैलही नको!"

लाकडी बडगीत भरीत ठेचायला सरावलेल्या हातांना या दोन सूचनांमधली जागा सापडणे कठीणच. वटवट्या मात्र शांत होता. तो माझ्याकडे अशा नजरेने पाहत होता की, तपासणी नेमकी कोणाची चालली आहे, याविषयी शंका राहू नये.

त्यानंतर पट्टीवर पंखाची लांबी, पिशवीत घालून वजन, आणि चरबी. गळ्याच्या खळगीवरील पिसांवर फुंकर घातली की पातळ कातडीखालची पिवळी चरबी दिसते. लांबच्या प्रवासाला निघालेले पक्षी ती साठवतात. माझी साठवण पाहण्यासाठी फुंकर लागत नाही, हे मी बोलून दाखवले. ताईंनी ते वहीत लिहायचे नाही असे सांगितले.

रिंगेचे काम त्यामानाने सरळ आहे. ॲल्युमिनियमच्या त्या उघड्या कड्याची दोन्ही टोके पकडीने तंतोतंत जुळवायची. फट राहिली तर धागा अडकतो, टोके एकमेकांवर चढली तर पाय कातरला जातो. १८९९ साली डेन्मार्कमधल्या मॉर्टेन्सन नावाच्या शिक्षकाने मैनेच्या कुळातल्या पक्ष्यांना क्रमांक कोरलेल्या रिंगा घातल्या. आपल्याकडे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९२७ मध्ये हे काम सुरू केले. एवढे सगळे मी तिथे येऊन बसलेल्या एका मासेमाऱ्याला, पक्षी उडून गेल्यावर, उत्साहाने सांगितले.

"भाऊ, धरता नि सोडता, मंग धरता कायले?" त्याने विचारले.

रिंगेवरचा क्रमांक दूर कुठे कोणाला सापडला आणि त्याने तो कळवला, तर पक्षी कुठून कुठे गेला हे कळते, आणि असे पक्षी फारच थोडे सापडतात, म्हणून प्रत्येक माणसाची मदत लागते, असे ताईंनी समजावले. तो बराच वेळ विचार करत राहिला. मग म्हणाला, "आमच्या जाळ्यात आला तं कळवू. पन कळवल्यावर भेटते काय?"

ताईंनी माझ्याकडे पाहिले, आणि मी लगबगीने वहीत पंखाची लांबी पुन्हा एकदा लिहू लागलो.