गोळा दिल्याशिवाय गाडी सोडायची नाही

"मुलाला दाखवायला नेतोय" हे वाक्य मी गेली सहा वर्षं वापरतोय. मुलगाही सहाच वर्षांचा आहे. त्याच्या आधी लेकीच्या नावावर हेच वाक्य सहा वर्षं चाललं. ती बारा वर्षांची झाली आणि एके दिवशी म्हणाली, "बाबा, मला रेल्वे आवडत नाही, तुला आवडते." तेव्हापासून सगळी भिस्त धाकट्यावर.

कोथरूडमध्ये भाऊसाहेब जोशींनी उभं केलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे. १ एप्रिल १९९८ला ते सुरू झालं, तेव्हा मी कॉलेजात होतो, सायकल होती, रविवार मोकळे होते. त्या काळात एकदाही गेलो नाही. लग्न झालं, दोन मुलं झाली, सोसायटीच्या पाणी समितीवर निवड झाली, आणि मग मला तिथे जावंसं वाटू लागलं. आजवर तीनदा गेलो. तिथे छोट्या गाड्या चालवून दाखवतात, तो खेळ पूर्ण बघितला शून्य वेळा.

पहिल्यांदा लेक तीन वर्षांची होती. खेळात मध्येच रात्र होते. दालनातले दिवे मंदावतात, छोट्या गावातल्या खिडक्या उजळतात, गाड्यांचे डबे आतून पिवळे दिसायला लागतात. मला गहिवरून येत होतं तेवढ्यात लेकीने "बाबाऽऽ, घरी!" अशी आरोळी ठोकली की पुढची रात्र मी बाहेर पार्किंगमध्ये, भर उन्हात काढली. दुसऱ्यांदा फोन आला. टँकर दारात उभा होता आणि टाकीच्या झाकणाची किल्ली माझ्या खिशात होती.

तिसरी फेरी गेल्या रविवारची. बायकोने यायला नकार दिला, पण इतक्या आनंदाने दिला की मला जरा लागलंच. "दोन तास घरात कोणी नाही," असं ती स्वतःशीच पुटपुटली आणि माझ्या हातात यादी ठेवली. इस्त्रीचे कपडे, अर्धा किलो दही, आणि संध्याकाळी सहाला धाकट्याच्या मित्राचा वाढदिवस आहे, त्याला काहीतरी भेट. खाली ठळक अक्षरांत, "ट्रेन नको." मागच्या वेळी ट्रेन दिली होती आणि केक कापेपर्यंत मी त्यांच्या हॉलमध्ये मांडी घालून रूळ जोडत बसलो होतो, हे तिने अजून पोटात ठेवलंय.

तेवढ्यात आई म्हणाली, "मी येते. पायऱ्या फार नाहीत ना?"

आईचे वडील स्टेशनमास्तर होते. पुणे-मिरज लाइन तेव्हा मीटरगेज होती, म्हणजे दोन रुळांत एक मीटर अंतर. ती रुंद झाली १९७१च्या सुमारास. तोवर आईचं सगळं बालपण सातारा जिल्ह्यातल्या लहानलहान स्टेशनांच्या क्वार्टरमध्ये गेलं. दिवसातून मोजक्या गाड्या, अंगणात कोळशाची भुकटी, आणि आजोबांची शिस्त. हे सगळं मला माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि ते शेजारच्या खुर्चीवर येऊन बसणं वेगळं.

कर्वे रस्त्यावर धाकट्याने पहिला अडथळा आणला. डोक्यावरून मेट्रो गेली. "बाबा, खरी ट्रेन वर चाललीय, मग आपण खोटी बघायला का जातोय?" या प्रश्नाला माझ्याकडे आजही उत्तर नाही. पॉपकॉर्न देईन म्हणालो.

पुढची जागा मिळाली. खेळ सुरू झाला आणि मी धाकट्याला (म्हणजे स्वतःला) समजावायला लागलो. हे सगळं एचओ स्केलमध्ये आहे, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाएवढं. दोन रुळांमधलं अंतर, म्हणजे गेज, १६.५ मिलिमीटर. खरं तर इथे माझं एक जुनं दुःख आहे. १६.५ हा हिशेब युरोपातल्या १४३५ मिलिमीटरच्या गेजचा. आपली ब्रॉडगेज १६७६ची. ८७ने भागली तर १९च्या वर जाते. म्हणजे माझ्या घरी प्लायवुडवर जी डेक्कन क्वीन धावते, ती पावणेतीन मिलिमीटर अंग चोरून धावते. हे मी बायकोला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ती पोळ्या लाटत होती. तिने लाटणं थांबवलं नाही.

"आणि आमची मीटरगेज केवढी झाली असती रे?" आईने विचारलं.

"साडेअकरा मिलिमीटर."

"मग तिला मीटर कशाला म्हणायचं?"

धाकट्याचा प्रश्न जास्त व्यवहारी होता. रुळाला हात लावला तर शॉक बसेल का? नाही म्हटलं. अशा गाड्या साधारण १२ व्होल्टवर चालतात. एका रुळात अधिक, दुसऱ्यात उणे. चाकांतून वीज मोटरला जाते. व्होल्ट वाढवले की गाडी पळते, अधिक-उणे उलटं केलं की मागे येते. फक्त दोन्ही रुळांवर मिळून काही धातूचं आडवं पडलं की शॉर्ट, सगळं ठप्प. "म्हणजे तुझा स्क्रूड्रायव्हर पडला होता तसं," तो म्हणाला. घरातल्या गोष्टी तो चारचौघांत फार मोठ्याने बोलतो.

समोर गाड्या एकमेकींना चुकवत चालल्या होत्या. एका कोपऱ्यात सर्कस, दुसरीकडे पोहण्याचा तलाव, डोंगरात चढणारी छोटी गाडी. निवेदन चालू होतं. माझ्या उजव्या कानात त्याच्यावर दुसरं निवेदन चालू झालं.

"घाट आहे ना हा? मग मागून इंजिन का नाही लावलं? कर्जतला लावतात की."

"आई, ही छोटी आहे."

"छोटी असली म्हणून काय झालं? चढ आहे ना?"

मग, "गार्ड कुठाय?" मग, "फाटक लावायच्या आत गाडी आली बघ," जे बहुधा खरं नव्हतं. आणि मग एका स्टेशनातून गाडी निघाली तशी आई खुर्चीतून अर्धी उठलीच. "अगं बाई! गोळा न देता सोडली!"

मागच्या रांगेतून एक आजोबा पुढे वाकले. "बरोबर आहे ताई तुमचं. सिंगल लाइन दिसतेय. कुठल्या डिव्हिजनच्या तुम्ही?"

इथे गोळ्याचं सांगायला हवं. एकेरी मार्गावर समोरासमोर दोन गाड्या येऊ नयेत म्हणून दोन स्टेशनांत मिळून यंत्रांची जोडी असे. पुढच्या स्टेशनाने होकार दिला तरच इकडच्या यंत्रातून एक लोखंडी गोळा बाहेर पडे. तो ड्रायव्हरच्या हातात आल्याशिवाय गाडी पुढे न्यायची नाही, आणि तो पुढे जमा होईपर्यंत दोन्हीकडून दुसरा निघायचा नाही. न थांबणाऱ्या गाडीसाठी गोळा चामडी पिशवीत घालून वेताच्या मोठ्या कड्याला अडकवत. पोर्टर फलाटावर कडं उंच धरून उभा राही, आणि इंजिनातला माणूस धावत्या गाडीतून त्यात हात घालून ते उचले. आई हे सांगताना उजवा हात वर धरून बसली होती. पाटली कोपराकडे घसरली होती. आजोबा मान डोलवत होते. आजूबाजूची चार-पाच मुलं गाड्या सोडून आईकडे बघत होती.

मी मात्र मनाशी ठरवलं होतं: आता रात्र होईल. या वेळी रात्र बघायचीच.

दिवे मंदावायला लागले. पहिली खिडकी उजळली.

"बाबा, शू."

"पाच मिनिटं थांब."

"पाच मिनिटं नाही."

सहा वर्षांच्या मुलाच्या आवाजात एक ठराविक पट्टी असते, जिच्यावर वाटाघाटी होत नाहीत. आम्ही अंधारात सात जणांचे गुडघे ओलांडून गेलो. स्वच्छतागृहाच्या दाराबाहेर उभं राहून मी दालनातली शिट्टी ऐकली. धाकटा आतून विचारत होता, पॉपकॉर्न गोड की खारे. परत आलो तेव्हा आत सकाळ झाली होती आणि लोक चपला शोधत उठत होते.

"तू कुठे होतास?" आई म्हणाली. "काय सुंदर रात्र झाली होती!" लेकीने, जिला रेल्वे आवडत नाही, तिने ती पूर्ण रात्र मोबाइलवर घेतली होती. उभी. अर्ध्या भागात पुढच्या काकांचं टक्कल आहे.

इस्त्रीचे कपडे घेतले, दही विसरलो. भेट म्हणून पझल घेतलं. घरी जाऊन उघडलं असतं तर त्यावर वाफेचं इंजिन निघालं असतं, ते दुकानातच बायकोला फोटो पाठवल्यावर तिच्या लक्षात आलं आणि बदलून घेतलं.

रात्री सगळे झोपल्यावर मी खोलीत प्लायवुड पसरलं. म्हटलं, निदान आपल्या घरची रात्र तरी बघू. दिवा मालवला, कंट्रोलरची कळ फिरवली. डेक्कन क्वीन हलली नाही. कंट्रोलरवर लाल दिवा लुकलुकायला लागला. चाकं पुसली, वायरी हलवल्या, कळ उलटी फिरवली. शेवटी मोबाइलचा उजेड पाडून वाकून पाहिलं, तर इंजिनाच्या पुढ्यात, बरोबर दोन्ही रुळांवर, आईची सोन्याची पाटली आडवी ठेवलेली.

दारात आई उभी होती. पाणी प्यायला उठली होती म्हणे.

"गोळा ठेवलाय तो," ती म्हणाली. "उचलून घे, मग सुटेल."